बोटावर एक किलो

किचनमध्ये जा. एक किलो साखरेची पिशवी घ्या, तिला दोरी बांधा आणि ती दोरी तर्जनीच्या पहिल्या पेरात अडकवून पिशवी ओट्यावरून अलगद उचला. आता खरी गंमत. बाकीची चार बोटं जराही आवळायची नाहीत, मनगट हलवायचं नाही, खांदा वर चढवायचा नाही. हात सरळ समोर ताणलेला आणि हे सगळं फक्त एका हातानं. जमतंय? मग तुम्ही माझ्या खेळासाठी फिट आहात, बॉस!

माझा खेळ म्हणजे २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल. कॅलिबर .२२, रिमफायर. आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम असा की या पिस्तुलाच्या ट्रिगरनं किमान १००० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. त्याआधी तो सुटला तर पिस्तूल बाद. आणि पिस्तुलाचं स्वतःचं वजन? जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. थोडक्यात, जेवढं जड हत्यार तुम्ही हवेत स्थिर धरलंय, जवळजवळ तेवढाच जोर एका बोटानं लावायचा, आणि तोही हत्यार केसभर न हलवता. हा सगळा खेळ त्या एका विरोधाभासावर उभा आहे.

वर्तमानपत्रात ‘चाप ओढला’ असं छापून येतं. आमच्या रेंजवर चाप कोणी म्हणत नाही, सगळे ट्रिगरच म्हणतात. आणि त्याबद्दल ज्या तन्मयतेनं बोलतात ना, त्या तन्मयतेनं लोक नवऱ्याबद्दलही बोलत नसतील. ‘माझा जरा खरखरतोय.’ ‘तुझा मस्त तुटतो गं, काच फुटल्यासारखा.’ बाहेरच्यानं ऐकलं तर काय समजेल देव जाणे.

टेस्टर बाई रेंजवर

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचे आणि शनिवार-रविवारी बालेवाडीला जाऊन स्वतःमधले. ऑफिसातल्या पोरी झुंबाला जातात, मी काळ्या गोलावर गोळ्या झाडते. स्ट्रेस बस्टर म्हणून सुरू केलं होतं, असं सगळे सांगतात तसं मीही सांगते. पण खरं कारण राही सरनोबत. कोल्हापूरची ही पोरगी २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला पिस्तूल नेमबाज ठरली. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये, पालेम्बांगला, फायनलमध्ये थायलंडच्या मुलीशी तिची ३४-३४ अशी बरोबरी झाली. मग शूट-ऑफ. त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीनं गोल्ड खेचलं. एशियन गेम्समध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मी ती फायनल ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर पाहिली आणि त्या आठवड्यातच एअर पिस्तूलच्या बॅचला नाव घातलं. .२२ कडे वळले ती नंतर, परवाना वगैरे सगळे सोपस्कार उरकून.

आमच्या इव्हेंटमध्ये ६० शॉट्स असतात. पहिले ३० प्रिसिजन, पाच-पाचच्या सिरीज, प्रत्येक सिरीजला पाच मिनिटं. नंतरचे ३० रॅपिड. तिथं हात ४५ अंशात खाली ठेवून उभं राहायचं, सिग्नल झाला की तीन सेकंदांत हात वर, नेम आणि एकच गोळी. मग सात सेकंद थांबा, पुन्हा तेच. कमाल गुण ६००. मनू भाकरनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्वालिफिकेशनला ५९० मारले होते. माझा बेस्ट गेल्या वर्षीपर्यंत ५५१. हसू नका, नोकरी सांभाळून आहे!

माझं टार्गेट होतं ५६०. आणि त्यासाठी शिल्लक होती एकच राज्य स्पर्धा. कारण स्पर्धेनंतर महिन्याभरानं मला कंपनी दोन वर्षांसाठी ऑनसाइट पाठवणार होती, आणि पिस्तूल काही चेक-इन बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी टाकून नेता येत नाही.

एक मिलिमीटरची किंमत

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. पिस्तुलावर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर असू शकतं. टार्गेट २५ मीटरवर, म्हणजे २५,००० मिलिमीटर. ट्रिगर ओढताना माशी खाचेतून फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर टार्गेटवर गोळी किती सरकेल? २५,००० भागिले २२०. म्हणजे ११३ मिलिमीटरहून जास्त. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २५ मिलिमीटरनं बाहेर सरकतं. तुमचा दहा थेट सहावर येतो.

गंमत म्हणजे हात थरथरला तर एवढं बिघडत नाही. अख्खा हात सरळ रेषेत दोन सेंटिमीटर हलला तर गोळीही साधारण दोनच सेंटिमीटर हलते. घात करतो तो कोन. आणि कोन बदलतो तो बहुतेक वेळा बोटामुळे. म्हणून नेमबाजीचे सगळे जुने-जाणते एकच जप करतात: नेम कोणीही धरतो, ट्रिगर बघ.

हा ट्रिगर नीट असणं म्हणजे काय? स्पर्धेच्या पिस्तुलात तो बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट मोकळं मागे येतं, स्प्रिंगविरुद्ध, आणि मग एका भिंतीला टेकल्यासारखं थांबतं. दुसरा टप्पा म्हणजे ती भिंत. आणखी थोडा जोर, आणि सुटला. समजा पहिल्या टप्प्यात ७०० ग्रॅम खर्च झाले तर भिंतीवर उरतात फक्त ३००. एक किलोचा नियमही पाळला गेला आणि शेवटच्या क्षणी बोटाला फारसं ओझंही नाही. रॅपिडमध्ये तर हात वर येता येताच पहिला टप्पा संपवायचा असतो, तेव्हाच तीन सेकंदांत काम होतं.

भिंत सुटण्याआधी बोटाला खरखर किंवा सरक जाणवली तर तिला म्हणतात क्रीप. सुटल्यानंतरही बोट धप्पकन मागे जात राहिलं तर ते ओव्हरट्रॅव्हल. गोळी नळीबाहेर पडायला काही मिलिसेकंदच लागतात, पण तेवढ्यात बोटाचा हिसका पिस्तुलाला लागू शकतो. दोन्ही ताप वेगळे, दोन्हींची औषधं वेगळी.

एक मी झाडली, एक पिस्तुलानं

माझं पिस्तूल सेकंडहँड, इटालियन, बरंच वापरलेलं. नव्याची किंमत लाखांत आणि आमच्या डोक्यावर वाकडच्या टू बीएचकेचा ईएमआय. आधीच्या मालकानं ट्रिगर ‘ट्यून’ केलेला होता. हातात घेतलं की लोण्यासारखा वाटायचा. रेंजवरच्या पोरांना हेवा वाटे.

एप्रिलमधला रविवार. प्रिसिजनची तिसरी सिरीज. मी ट्रिगर ओढला आणि पाठोपाठ दोन आवाज झाले. पहिली गोळी नऊमध्ये. दुसरी टार्गेटवरून वर, मागच्या भिंतीत. एक मी झाडली, एक पिस्तुलानं. रेंज ऑफिसरनं त्याच क्षणी फायर थांबवलं, मी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं करून पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाले. हाताला घाम सुटला होता. कोणाला काही झालं नाही, कारण रेंजवर नळी नेहमी टार्गेटकडेच असते. तो नियम इतका कंटाळवाणा का शिकवतात ते त्या दिवशी अख्ख्या लाइनला कळलं.

स्पर्धेला पाच आठवडे. सल्ले मात्र चिक्कार. एकानं सांगितलं, ऑनलाइन व्हिडिओ बघ, बारीक ऑइलस्टोन घे, घरीच घासून टाक. दुसरा म्हणाला, मेनस्प्रिंग कापून छोटी कर. आमचे सर शांतपणे म्हणाले, ‘सुभेदार साहेबांकडे जा. आणि घरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नकोस.’ हा फक्त शहाणपणाचा नाही, कायद्याचाही मामला आहे. आपल्या शस्त्र कायद्यात शस्त्र बाळगायलाच नव्हे, ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. साहेबांकडे तो आहे. हयात लष्करात आर्मरर म्हणून गेली, गाव साताऱ्याकडचं, बोलणं मोजकं.

‘आधी धुवायचं, मग बोलायचं’

त्यांनी पिस्तूल उघडलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, ‘ताई, आधी धुवायचं, मग बोलायचं.’ .२२ ची गोळी शिशाची, वर मेणासारखं वंगण. प्रत्येक शॉटला जळालेल्या पावडरीची काजळी मागे उडते आणि थेट ट्रिगरच्या यंत्रणेत जाऊन बसते. त्यात आपण प्रेमानं तेल ओततो. तेल, मेण, काजळी आणि पुण्याचा पावसाळा, यांचं मिळून जे काही होतं ते साहेबांनी एका जुन्या टूथब्रशनं काढलं. काळं कुळकुळीत. ‘निम्मे लोक ट्रिगर बिघडला म्हणून येतात,’ ते म्हणाले, ‘आणि न बिघडलेला ट्रिगर धुऊन घेऊन जातात.’

माझ्या बाबतीत मात्र पुढे काम होतं. त्यांनी मला भिंगातून दाखवलं. हॅमरला एक खाच असते. सीअर नावाच्या छोट्याशा पट्टीची कड त्या खाचेत अडकून हॅमरला धरून ठेवते. ट्रिगर ओढला की ती कड सरकते, खाच सुटते, हॅमर धावतो. कड किती खोल अडकलीय यावर सगळं. खोल अडकली तर क्रीप जाणवते, फारच कमी अडकली तर?

‘दाराची कडी नुसती टेकवून ठेवली, तर काय हुतं?’

‘वाऱ्यानंही उघडेल.’

‘हां. आन् ह्यात वारा लई मोठा असतो.’

वारा म्हणजे बोल्ट. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट जोरात मागे जाऊन पुढे आपटतो. त्या धक्क्यानं माझी टेकवलेली कडी उघडत होती. आधीच्या मालकानं हलकेपणाच्या हौसेपायी सीअरची कड दगडानं घासली होती. अशा भागांचा बाहेरचा पातळ थर बऱ्याचदा मुद्दाम कडक केलेला असतो. तो घासून गेला की आतलं स्टील मऊ, ते रोज थोडं थोडं झिजतं. आज लोण्यासारखा वाटणारा ट्रिगर उद्या आपोआप सुटतो. आणि घासलेलं परत चिकटवता येत नाही. नवा सीअर मागवणं हाच उपाय.

मेनस्प्रिंगचं विचारलं तर साहेब नुसते हसले. रिमफायर गोळीत स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. ती कड चेपली जाईल इतक्या जोरात पिन बसायलाच हवी. स्प्रिंग कमजोर केली की ट्रिगर मऊ लागतो, पण ऐन स्पर्धेत गोळी उडतच नाही. म्हणजे दात दुखतो म्हणून जेवणच बंद.

नवा सीअर यायला अडीच आठवडे लागले. त्या काळात मी काय केलं? एअर पिस्तूल. त्याचा ट्रिगर ५०० ग्रॅमचा, पण बोटाची सवय तरी मोडत नाही.

हलका हवा की कळणारा हवा?

भाग बसवून झाल्यावरचा तो एक तास मला फार आवडला. खरंतर ट्रिगर ‘सुधारणं’ म्हणजे ९० टक्के हेच, आणि त्यात घासाघाशी कुठेच नाही. चांगल्या टार्गेट पिस्तुलाला यासाठी कंपनीनंच स्क्रू दिलेले असतात.

आधी ट्रिगरची जागा. माझी बोटं आखूड. ट्रिगरचा तो वक्र भाग रुळावर मागे-पुढे सरकतो, हे मला माहीत होतं, पण साहेबांनी तो माझ्या हाताकडे बघत बघत मिलिमीटरभर मागे आणला. बोटाचा मऊ भाग मध्यभागी टेकला पाहिजे आणि बोट ग्रिपच्या लाकडाला कुठेही घासता कामा नये. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट अगदी टोकानंच लागलं तर ओढताना पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. माझे डावीकडे पडणारे आठ कुठून येत होते त्याचा उलगडा तिथं झाला.

मग पहिला टप्पा, मग दुसरा, मग ओव्हरट्रॅव्हलचा स्टॉप. प्रत्येक स्क्रू पाव फेरा, पुन्हा पिस्तूल जोडा, रिकामं आहे ना बघा, हातात घ्या, ओढा, सांगा. मी डोळे मिटून ओढत होते आणि ते कागदावर आकडे लिहीत होते. स्टॉप एकदम घट्ट लावायचा मोह होतो, म्हणजे सुटल्यावर बोट हलणारच नाही. पण थोडी काजळी साठली की ट्रिगर सुटायच्या आधीच स्टॉपला टेकतो आणि मग गोळीच उडत नाही. म्हणून श्वासभर जागा सोडायची.

शेवटी वजन. नळी सरळ वर धरायची, ट्रिगरच्या मध्यावर १००० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून उचलायचं. हॅमर सुटला तर नापास. स्पर्धेत जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. माझा ट्रिगर १०८० ला सुटत होता. मी म्हटलं, ‘साहेब, १००५ करा ना. ७५ ग्रॅम वाचतील.’

‘ताई, हलका पायजे का कळणारा पायजे?’

त्यांचं म्हणणं असं. बोटाला १००० आणि १०५० मधला फरक कळत नाही. बोटाला कळते ती भिंत. भिंत रोज त्याच जागी आणि त्याच जोराला सुटली की मेंदू तिच्यावर विश्वास ठेवतो. उलट १००५ वर ठेवलेला ट्रिगर चारशे गोळ्यांनंतर ९९५ झाला तर? आमच्यात शेवटच्या सिरीजनंतर कोणाचंही पिस्तूल पुन्हा तपासतात. तिथं वजन पेललं नाही तर थेट डिसक्वालिफाय, स्कोअर कितीही असो. आम्ही १०४० वर तोडगा काढला. पहिल्या टप्प्यात ७००, उरलेले भिंतीवर.

जाताजाता एक सांगते. जुन्या काळी रॅपिड फायरचे पुरुष खेळाडू .२२ शॉर्ट गोळ्यांची आणि अगदी हलक्या ट्रिगरची खास पिस्तुलं वापरत. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर नियम बदलले आणि तेही आमच्या एक किलोच्या रांगेत आले. ५० मीटर फ्री पिस्तूलला ट्रिगरच्या वजनाची अटच नव्हती, पण रिओ २०१६ नंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधूनच गेला. त्यामुळे ‘हलका ट्रिगर’ या फॅशनला तसंही फारसं भविष्य नाही!

डास तरी मार!

नव्या ट्रिगरवर पहिल्या रविवारी स्कोअर आला ५३८. चक्क खाली! सर म्हणाले, साहजिक आहे, बोट जुन्या लोण्याची वाट बघतंय. उपाय एकच, ड्राय फायर. म्हणजे गोळीशिवाय, रोज, घरी, पांढऱ्या भिंतीसमोर.

रिमफायरला इथं एक पथ्य आहे. चेंबर रिकामं असताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते, आणि पिन आणि कड दोन्ही खराब होतात. म्हणून प्लॅस्टिकची डमी, स्नॅप कॅप, घालायची. आणि गोळ्या? त्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. रोज तेच दोनदा बघायचं, कंटाळा आला तरी.

रात्री साडेनऊला क्लायंट कॉल संपला की मी हॉलमध्ये उभी. वीस मिनिटं, साठ वेळा. माशी बघायची, ट्रिगर सुटताना ती हलली का तेवढंच टिपायचं. सासूबाई मालिका बघता बघता एकदा म्हणाल्या, ‘अगं, रोज त्या भिंतीवर नेम धरतेस, एखादा डास तरी मार!’ चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी केला.

क्लबात स्कॅट आहे. हे रशियन यंत्र नळीला लावलं की शॉटच्या आधी आणि नंतर नेम कसा फिरला त्याची रेष कॉम्प्युटरवर उमटते. आधीच्या माझ्या रेषांना शेवटी डावीकडे एक शेपूट असायचं, मांजराच्या शेपटीसारखं. तिसऱ्या आठवड्यात ते आखडलं. टेस्टर म्हणून सांगते, बग रिप्रोड्यूस होणं थांबला की जो आनंद होतो ना, सेम!

स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या रांगेत माझ्या पुढे कॉलेजची एक मुलगी होती. तिचं वजन पहिल्यांदा सुटलं, दुसऱ्यांदाही सुटलं. तिसऱ्यांदा पेललं आणि ती मटकन खुर्चीवर बसली. माझं पहिल्याच फटक्यात.

प्रिसिजन २८३. रॅपिडच्या दुसऱ्या सिरीजमध्ये एक शॉट तीन सेकंदांत सुटलाच नाही, सरळ शून्य. भिंतीवर बोट थांबलं आणि दिवा बदलला. आधीचा लोणी ट्रिगर असता तर कदाचित गेला असता, कुठे गेला असता ते मात्र सांगता येत नाही. उरलेल्या शॉट्समध्ये मी हात वर येतानाच पहिला टप्पा संपवत राहिले. रॅपिड २७८. बेरीज ५६१.

मग ऑफिशियल आले, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी वर धरली आणि वजन अडकवलं. अख्ख्या दिवसात माझा हात तेव्हाच थरथरला. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि लोंबत राहिलं.

सुभेदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘बरं झालं. धुतलं का?’